जुना स्लिम डीव्हीडी ड्राइव्ह संगणकात बसवताना: मागच्या जोडणीपासून पहिली चकती वाचली जाईपर्यंत

बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढून ठेवलेला पातळ डीव्हीडी ड्राइव्ह बहुतेक वेळा खणात तसाच पडून राहतो, आणि जुन्या सीडीवरची छायाचित्रे किंवा डीव्हीडीवर साठवलेली कागदपत्रे पुन्हा पाहायची वेळ आली, की मगच लक्षात येते की हाताशी असलेल्या संगणकात चकती घालायला जागाच नाही. असा ड्राइव्ह टाकून देण्याचे काहीच कारण नाही. तो डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बसवता येतो, दुसऱ्या लॅपटॉपमध्ये सरकवता येतो किंवा यूएसबीच्या बाहेरच्या पेटीत घालून कोणत्याही संगणकाला जोडता येतो. मात्र हे काम स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच बरेचसे साधते किंवा फसते. ड्राइव्हच्या मागची जोडणी कोणत्या प्रकारची आहे, त्याची जाडी किती आहे आणि त्याला वीज कुठून मिळणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकही केबल विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सर्वांत आधी ड्राइव्हची मागची बाजू पाहा

ड्राइव्ह टेबलावर ठेवा आणि मागच्या कडेवरचा कनेक्टर उजेडात नीट न्याहाळा. तिथे काळ्या प्लास्टिकचा, बराच रुंद आणि बारीक पिनांच्या दोन ओळी असलेला कनेक्टर दिसला, तर तो आयडीई पद्धतीचा, म्हणजे मदरबोर्डशी जुन्या प्रकारे जोडला जाणारा ड्राइव्ह आहे. या कनेक्टरमध्ये एकूण ५० पिना असतात, आणि डेटा, वीज व जुन्या काळचा ध्वनीचा संकेत हे सगळे त्या एकाच जोडणीतून जाते. याउलट एका ओळीत मांडलेले सपाट, सोनेरी पट्ट्यांचे दोन छोटे भाग आणि त्यांच्यामध्ये एक खाच दिसली, तर तो साटा पद्धतीचा, म्हणजे त्यानंतर आलेल्या जोडणीचा ड्राइव्ह आहे.

साटा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण फसगत नेमकी इथेच होते. नेहमीच्या हार्ड डिस्कवर डेटासाठी ७ आणि विजेसाठी १५ संपर्कपट्ट्या असतात. पातळ ऑप्टिकल ड्राइव्हवर डेटाचा भाग तसाच ७ पट्ट्यांचा असतो, पण विजेचा भाग अवघ्या ६ पट्ट्यांचा असतो. या जोडणीला स्लिमलाइन साटा म्हणतात आणि साटाच्या २.६ या आवृत्तीत, म्हणजे २००७ मध्ये, तिचा समावेश झाला. त्यामुळे पॉवर सप्लायमधून येणारी साटाची रुंद वीजकेबल या ड्राइव्हला थेट लागतच नाही. काही जण ती जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करतात आणि प्लास्टिकची कड मोडून बसतात. लहान आकाराच्या काही हार्ड डिस्कवर ९ पट्ट्यांचा विजेचा भाग असलेली मायक्रो साटा नावाची आणखी एक जोडणी असते. तिची केबल दिसायला जवळची असली तरी इथे चालत नाही. म्हणून खरेदी करताना केबलच्या वर्णनात ‘स्लिमलाइन’ हा शब्द आणि ‘७ अधिक ६’ ही संख्या दोन्ही आहेत याची खात्री करून घ्या.

आयडीई पद्धतीचा स्लिम ड्राइव्ह हाती असेल, तर तो डेस्कटॉपच्या आत बसवण्याचा खटाटोप बहुतेकांनी करू नये, असे माझे मत आहे. इंटेलने २००६ मध्ये डेस्कटॉपसाठीच्या आपल्या चिपसेटमधून आयडीईचा आधार काढून टाकला आणि त्यानंतर काही वर्षांतच मदरबोर्डवरून हे पोर्ट नाहीसे झाले. ज्यांच्याकडे खरोखरच जुना मदरबोर्ड आहे, त्यांना ५० पिनांचे रूपांतर ४० पिनांत करणारी छोटी पट्टी मिळते आणि तिच्यावर विजेसाठी वेगळा कनेक्टर असतो. अशा ड्राइव्हच्या पाठीवर मास्टर-स्लेव्ह, म्हणजे एका केबलवरच्या दोन ड्राइव्हमधला पहिला कोण आणि दुसरा कोण, हे ठरवणारा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) नसतो. ते काम रूपांतर पट्टीवरच्या जंपरने होते किंवा ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्येच (आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये) आधीपासून ठरलेले असते. त्यामुळे त्या केबलवर शक्यतो हा एकच ड्राइव्ह ठेवावा. बाकीच्यांनी आयडीई स्लिम ड्राइव्हसाठीची यूएसबी पेटी घ्यावी, म्हणजे मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच उरत नाही.

जाडी मोजा

पातळ ड्राइव्हची रुंदी साधारण १२८ मिलिमीटर असते आणि ती जवळपास सगळ्यांत सारखीच असते. फरक जाडीत असतो. जुन्या ड्राइव्हची जाडी १२.७ मिलिमीटर, तर नंतरच्या अधिक पातळ ड्राइव्हची ९.५ किंवा ९ मिलिमीटर असते. साध्या पट्टीनेही हा फरक कळतो, पण दर्शनी पट्टी सोडून धातूच्या पेटीवर मोजावे, कारण ती पट्टी अनेकदा पेटीपेक्षा उंच असते. ९.५ मिलिमीटरचा ड्राइव्ह १२.७ मिलिमीटरच्या खाचेत आधारपट्टी लावून बसतो. १२.७ मिलिमीटरचा ड्राइव्ह ९.५ मिलिमीटरच्या खाचेत कोणत्याही युक्तीने बसत नाही, तेव्हा तो प्रयत्नच करू नये.

विजेचा हिशेब

स्लिम ड्राइव्ह केवळ ५ व्होल्टवर चालतो. मोठ्या, सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. पातळ ड्राइव्हच्या जोडणीत १२ व्होल्टसाठी जागाच ठेवलेली नाही. त्याच्या सहा पट्ट्यांपैकी दोन ५ व्होल्टच्या, दोन ग्राउंडच्या आणि उरलेल्या दोन ड्राइव्ह जोडला आहे की नाही हे कळवण्याच्या व तपासणीच्या असतात. म्हणून डेस्कटॉपसाठी घेतलेली रूपांतर केबल एका बाजूने पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरला किंवा १५ पट्ट्यांच्या साटा कनेक्टरला जोडली जाते आणि त्यातून फक्त ५ व्होल्ट पुढे पाठवते.

मल्टिमीटर हाताशी असेल, तर इथे दोन मिनिटे खर्च करणे फार मोलाचे ठरते. केबल ड्राइव्हला न जोडता फक्त पॉवर सप्लायला जोडा, संगणक सुरू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, त्याची काळी सळई कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला टेकवा आणि लाल सळई केबलच्या सहा पट्ट्यांच्या टोकाशी एकेका संपर्काला अलगद लावा. दोन संपर्कांच्या मध्ये सळई घसरू देऊ नका. ५ व्होल्टच्या दोन संपर्कांवर वाचन ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान यायला हवे. कुठेही १२ च्या आसपासचा आकडा दिसला, तर ती केबल ताबडतोब बाजूला काढा. मोलेक्स कनेक्टरमध्ये लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या असतात. नीट बनवलेल्या रूपांतर केबलमध्ये पिवळी तार एक तर नसतेच किंवा पुढे कुठेही जोडलेली नसते. तारांच्या रंगावर विसंबण्यापेक्षा मोजून पाहिलेले बरे, कारण १२ व्होल्ट क्षणभर जरी ड्राइव्हमध्ये शिरले तरी त्याचे सर्किट पुन्हा सुधारण्याजोगे राहत नाही.

यूएसबीच्या बाबतीत अडचण व्होल्टची नसून अँपिअरची असते. ड्राइव्हच्या वरच्या लेबलवर ‘५ व्होल्ट, १.५ अँपिअर’ किंवा ‘१.८ अँपिअर’ असे काहीसे छापलेले आढळते. हा आकडा सततच्या वापराचा नसून चकती वेग घेताना किंवा लेखन करताना लागणाऱ्या कमाल विजेचा असतो. यूएसबी २.० च्या एका पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत, एवढीच त्या मानकांची हमी आहे. प्रत्यक्षात अनेक मदरबोर्ड याहून जास्त वीज देतात म्हणून काम निभते, पण जिथे देत नाहीत तिथे लक्षणे फार फसवी असतात. मी स्वतः एक ड्राइव्ह असाच बिघडलेला समजून जवळजवळ बाद केला होता. चकती घातली की मोटर घरघरत वेग घ्यायची, दिवा दोनदा लुकलुकायचा, मग सगळे शांत व्हायचे आणि पडद्यावर यूएसबी साधन काढल्याचा व पुन्हा जोडल्याचा आवाज लागोपाठ यायचा. भिंग साफ करून झाले, चकत्या बदलून झाल्या. शेवटी दोन यूएसबी टोके असलेली वाय-आकाराची केबल लावून दोन्ही टोके संगणकाच्या मागच्या पोर्टांत घातली आणि तोच ड्राइव्ह त्याच चकतीवर विनातक्रार चालू लागला. तेव्हापासून स्लिम ड्राइव्हला सदोष ठरवण्याआधी त्याला पुरेशी वीज मिळते आहे का, हे मी सर्वप्रथम पाहतो. पुढच्या बाजूचे पोर्ट, लांबलचक जोडकेबल आणि स्वतंत्र वीज नसलेला यूएसबी हब या तिन्ही गोष्टी या कामासाठी टाळाव्यात.

हाताळणी: उघडा ट्रे हा ड्राइव्हचा सर्वांत नाजूक भाग

मोठ्या ड्राइव्हचा ट्रे म्हणजे नुसती प्लास्टिकची ताटली असते. मोटर आणि लेझर आतच राहतात आणि ताटली मोटरने आत-बाहेर होते. स्लिम ड्राइव्हची रचना वेगळी आहे. इथे ट्रेबरोबर चकती फिरवणारी मोटर, लेझरचे भिंग आणि ते सरकवणारी यंत्रणा असे सगळेच बाहेर येते, आणि या सगळ्याला मागच्या सर्किटशी जोडणारी एक पातळ, लवचिक पट्टी केबल ट्रेच्या खाली दुमडत-उलगडत असते. ट्रे आत ओढणारी मोटर नसतेच. बटण दाबल्यावर अडसर सुटतो, स्प्रिंगमुळे ट्रे बोटभर बाहेर येतो आणि पुढचा प्रवास हातानेच करावा लागतो. ट्रे तिरका दाबला, त्यावर वजन पडले किंवा तो झटक्याने ओढला, तर पट्टी केबलला चीर जाते आणि वरून धडधाकट दिसणारा ड्राइव्ह चकती ओळखेनासा होतो.

चकती ठेवण्याची पद्धतही त्यामुळे वेगळी आहे. ती नुसती ठेवून चालत नाही. मोटरच्या गोल बोंडावर चकतीचे मधले छिद्र आणून, छिद्राच्या अगदी जवळ दोन बोटांनी दाबावे लागते, तेव्हा बोंडातले तीन छोटे स्प्रिंगदार दात चकतीला पकडतात आणि स्पष्ट ‘टक्’ असा आवाज येतो. हा दाब देताना दुसऱ्या हाताची बोटे ट्रेच्या खाली आधाराला ठेवावीत. या पकडीमुळेच स्लिम ड्राइव्ह उभा बसवला तरी चालतो, चकती घसरत नाही.

बसवण्यापूर्वीच ट्रे एकदा उघडून पाहा. वीज नसताना तो उघडण्यासाठी दर्शनी पट्टीवर जेमतेम एक मिलिमीटरचे छिद्र असते. कागद अडकवायची तारेची क्लिप सरळ करून तिचे टोक त्या छिद्रात सरळ रेषेत, हलक्या हाताने ढकला. थोडा प्रतिकार जाणवून ट्रे सुटतो. आत धूळ असेल तर हातपंपाच्या फुग्याने उडवा. भिंगावर धुके आल्यासारखा थर दिसला, तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एखादा थेंब घेतलेली कापसाची काडी भिंगावरून एकदाच, अलगद फिरवा. ते भिंग अतिशय बारीक तारांवर लोंबते ठेवलेले असते आणि चुंबकीय वेटोळ्यांच्या जोरावर वर-खाली होते, म्हणून ते दाबू किंवा घासू नये. ट्रे उघडा असताना लेझर चालू होत नाही अशीच ड्राइव्हची रचना असते. तरीही झाकण काढलेला ड्राइव्ह विजेला जोडून आत डोकावण्याचा मोह कुणीही करू नये. बंद पेटीत निर्धोक असलेला तोच किरण उघड्या डोळ्यांना कायमची इजा करू शकतो.

डेस्कटॉपमध्ये बसवणे

संगणक बंद करा, पॉवर सप्लायच्या मागचे बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि मग संगणक सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल. त्यानंतर कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिरविद्युतभार उतरवा आणि काम चालू असताना मधूनमधून तसेच करत राहा.

कॅबिनेटच्या समोरच्या बाजूला सव्वापाच इंची खाच असेल, तर स्लिम ड्राइव्ह तिच्यात थेट बसत नाही, कारण ती खाच १४६ मिलिमीटर रुंद असते. त्यासाठी धातूची किंवा प्लास्टिकची आधारचौकट मिळते. ड्राइव्ह चौकटीत ठेवून दोन्ही बाजूंनी एम२ मापाचे, साधारण ३ मिलिमीटर लांबीचे स्क्रू लावायचे असतात. लांबी पाळणे इथे फार महत्त्वाचे आहे. पेटी इतकी पातळ असते की दोन मिलिमीटरने जास्त लांब स्क्रू आत ट्रेच्या रुळाला किंवा सर्किटला जाऊन टेकतो. स्क्रू जिवाच्या आकांताने आवळायचेही नसतात, कारण पत्रा किंचित जरी वाकला तरी ट्रे अडकू लागतो. प्रत्येक स्क्रू लावल्यावर छिद्रातून ट्रे उघडून, हाताने आत ढकलून पाहावा. ट्रे कुठे घासत असेल तर नुकताच लावलेला स्क्रू अर्धा फेरा सैल करावा.

मी नेहमी ड्राइव्ह खाचेत पक्का करण्याआधी एकदा बाहेरच जोडून पाहतो. कॅबिनेटच्या शेजारी सपाट पुठ्ठ्यावर ड्राइव्ह ठेवायचा, केबल लावायची, संगणक सुरू करायचा आणि एक चकती वाचली जाते का, ते पाहायचे. जोडण्यात चूक असेल, केबल सदोष असेल किंवा ड्राइव्हच मेलेला असेल, तर ते चौकट, स्क्रू आणि समोरची झाकणपट्टी हे सोपस्कार होण्याआधीच कळते.

डेटा केबलचे दुसरे टोक मदरबोर्डच्या स्वतःच्या साटा पोर्टात घाला. जोडकार्डावरच्या साटा पोर्टाला ड्राइव्ह लावल्यास तो दिसेनासा होण्याची शक्यता असते, कारण हार्ड डिस्क आणि ऑप्टिकल ड्राइव्ह यांच्याशी बोलण्याची भाषा थोडी वेगळी आहे. ऑप्टिकल ड्राइव्हसाठी लागणारी अटापी ही आज्ञापद्धती काही कार्डांना येतच नाही. याच कारणाने, अडीच इंची हार्ड डिस्कसाठी बनवलेले काही यूएसबी अडॅप्टर कनेक्टरचे रूपांतर करूनही ऑप्टिकल ड्राइव्ह चालवत नाहीत. पोर्ट निवडताना मदरबोर्डची पुस्तिकाही पाहा. अनेक मदरबोर्डवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. ड्राइव्ह नेमका त्याच पोर्टाला जोडला, तर सगळे ठीक असूनही तो दिसत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो.

साटाची डेटा केबल एक मीटरपेक्षा लांब असू नये. कॅबिनेटमध्ये तेवढी लागतही नाही. केबल तीव्र कोनात दुमडू नये आणि रूपांतर कनेक्टरवर तिचा ताण येणार नाही अशी ती बांधावी, कारण स्लिमलाइन कनेक्टरची पकड मुळातच हलकी असते आणि ट्रे उघडताना बसणाऱ्या धक्क्यांनी ती हळूहळू सैल होत जाते.

लॅपटॉपमध्ये बसवणे

लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर ती काढा, आत असेल तर खालचे झाकण उघडून तिचा कनेक्टर आधी सोडवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ऑप्टिकल ड्राइव्हला खालच्या बाजूने एकच स्क्रू धरून ठेवतो. तो काढला की ड्राइव्ह बाजूने सरळ बाहेर सरकतो. सरकत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी आणखी एक स्क्रू राहिला आहे असे समजा.

दुसऱ्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह घालताना दोन भागांची अदलाबदल करावी लागते. मागच्या बाजूला एक छोटी धातूची पट्टी एक-दोन बारीक स्क्रूंनी लावलेली असते. त्या पट्टीच्या कानातच लॅपटॉपचा स्क्रू जातो, म्हणून ती जुन्या ड्राइव्हवरून काढून नव्यावर लावायची असते. दुसरा भाग म्हणजे दर्शनी पट्टी. तिचा वळसा प्रत्येक मॉडेलमध्ये निराळा असतो. ट्रे छिद्रातून उघडा, पट्टीला मागून धरणारे दोन-तीन प्लास्टिकचे चिमटे शोधा आणि प्लास्टिकच्या पातळ तुकड्याने ते एकेक करून आत दाबत पट्टी पुढे काढा. नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास चिमटा तुटतो आणि मग पट्टी कायम सैल राहते. नवी पट्टी बसवल्यावर बटण आतल्या कळीच्या अचूक समोर येते का, ते ट्रे लावून आणि उघडून तपासा.

ड्राइव्ह खाचेत सरळ सरकवा आणि शेवटचे काही मिलिमीटर तळहाताने पट्टीच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब देत आत न्या. आतला कनेक्टर आपोआप जुळतो. खाचेत त्या आधी हार्ड डिस्कची अतिरिक्त चौकट बसवलेली असेल, तर ती काढण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टम नेमकी कोणत्या डिस्कवर आहे, ते पाहून घ्या. ती त्या चौकटीतल्या डिस्कवर असेल, तर ड्राइव्ह परत बसवल्यावर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

संगणकाला ड्राइव्ह दिसतो का?

पहिल्यांदा सुरू करताना थेट विंडोज किंवा लिनक्समध्ये न जाता डिलीट किंवा एफ२ यांपैकी आपल्या मदरबोर्डला लागणारी कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पडद्यावर, जा आणि साटा पोर्टांच्या यादीत ड्राइव्हचे नाव दिसते का, ते पाहा. बायोसमध्ये नाव नसेल तर ऑपरेटिंग सिस्टममध्ये शोधाशोध करून उपयोग नाही. तेव्हा वीज, केबल, पोर्ट या क्रमाने मागे यायचे. ट्रेचे बटण दाबल्यावर ट्रे सुटतो पण बायोसमध्ये नाव नाही, अशी स्थिती असेल तर वीज पोहोचते आहे आणि दोष डेटाच्या बाजूला आहे. बटणाला काहीच प्रतिसाद नसेल तर आधी विजेकडे पाहावे. बायोसमध्ये साटा पोर्ट चालवण्याची पद्धत ‘एएचसीआय’ अशी निवडलेली असेल तर ती तशीच राहू द्या. ऑप्टिकल ड्राइव्हसाठी ती बदलू नये, नाहीतर आधीपासून असलेली विंडोज सुरू होताना अडते.

वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही. विंडोजमध्ये ड्राइव्हला स्वतःचे अक्षर मिळते, लिनक्समध्ये तो बहुतेक वेळा एसआर० या नावाने दिसतो. बायोसला ड्राइव्ह दिसतो पण विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळे चिन्ह आणि १९ किंवा ३९ हा संकेतांक येतो, असे झाल्यास बहुधा पूर्वी घातलेल्या एखाद्या चकती-लेखन प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदवहीत) मागे ठेवलेल्या ‘अपर फिल्टर्स’ आणि ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी त्याला कारणीभूत असतात. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवून, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या वर्गाखालच्या त्या दोन नोंदी काढल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला की ड्राइव्ह परत येतो.

चित्रपटाची डीव्हीडी लागत नाही म्हणून ड्राइव्हला दोष देऊ नये. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय विंडोजमध्ये आपोआप येत नाही, त्यासाठी व्हीएलसीसारखा प्रोग्रॅम लागतो. ड्राइव्हमध्ये प्रदेश-संकेतांकही असतो, म्हणजे जगाच्या कोणत्या भागासाठी विकलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी चालतील हे ठरवणारा आकडा. तो एकूण पाच वेळाच बदलता येतो आणि ही मोजणी ड्राइव्हच्या आत राहते, विंडोज नव्याने घातली तरी ती शून्यावर येत नाही. जुना ड्राइव्ह हातात आला असेल तर त्याच्या आधीच्या मालकाने किती बदल वापरले आहेत ते पाहून मगच संकेतांक बदला.

चकत्या कोणत्या क्रमाने घालून पाहाव्यात

पहिली चकती कारखान्यात छापलेली, ओरखडे नसलेली ऑडिओ किंवा डेटा सीडी असावी. ती वाचली गेली तर छापील डीव्हीडी घाला, त्यानंतर घरी लिहिलेली सीडी किंवा डीव्हीडी आणि सर्वांत शेवटी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी चकती. हा क्रम उगाच नाही. सीडी ७८० नॅनोमीटरच्या आणि डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, आणि ड्राइव्हमध्ये त्यासाठी दोन वेगळे किरण असतात. म्हणून सीडी सुरळीत चालते पण एकही डीव्हीडी ओळखली जात नाही, किंवा याच्या उलट होते, तेव्हा केबल आणि वीज यांची चिंता सोडावी, कारण एक किरण क्षीण झालेला असतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही. पुनर्लेखनाच्या चकत्या शेवटी घालण्याचे कारण परावर्तनात आहे. छापील सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या ७० टक्के किंवा त्याहून जास्त प्रकाश परत पाठवते, तर पुनर्लेखनाची सीडी जेमतेम १५ ते २५ टक्के. थकलेला लेझर पहिल्यांदा अशाच चकत्यांवर अडखळतो.

नुसती फाइलींची यादी दिसली म्हणजे ड्राइव्ह चांगला, असे समजू नये. डेटा चकतीच्या मध्यापासून कडेकडे लिहिलेला असतो आणि यादी अगदी आतल्या वर्तुळात असते. चकतीची बाहेरची कड वाकलेली, बोटांच्या ठशांनी डागळलेली असते आणि तिथेच भिंगाची खरी परीक्षा होते. म्हणून काठोकाठ भरलेली एक डीव्हीडी पूर्ण हार्ड डिस्कवर उतरवून पाहा. स्लिम ड्राइव्हचा डीव्हीडी वाचण्याचा कमाल वेग बहुधा डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या ८ पट असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट. ४.७ जीबीची चकती दहाएक मिनिटांत उतरायला हवी. शेवटच्या टप्प्यात वेग एकदम खाली येत असेल, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वेग घेत-सोडत असेल, तर आधी चकती मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा आणि तीच चाचणी पुन्हा करा. दुसऱ्या चकतीवरही तसेच झाले तर भिंग साफ करण्याची वेळ आली आहे.

ज्या चकतीच्या मधल्या छिद्राशी तडा गेलेला दिसतो, ती या ड्राइव्हमध्ये घालू नका. सर्वोच्च वेगात चकती मिनिटाला जवळपास ५,००० फेरे घेते आणि तडा गेलेली चकती त्या वेगात आत फुटली, तर तिचे तुकडे भिंग आणि पट्टी केबल दोन्ही घेऊन जातात. अशा चकतीवरचा मजकूर फार मोलाचा असेल, तर वेग कमी ठेवणारा प्रोग्रॅम वापरून तो एखाद्या जुन्या, गेला तरी चालेल अशा वेगळ्या ड्राइव्हमध्ये वाचण्याचा प्रयत्न करावा.

चाचणी पार पडली की ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्या चकत्या काढा आणि सर्वांत जुन्या, घरी लिहिलेल्या चकत्यांपासून उतरवायला सुरुवात करा, कारण छापील चकत्या टिकतात आणि लिहिलेल्या चकत्यांचा रंगथर दरवर्षी थोडा थोडा उडत असतो. एका बैठकीत तीन-चार चकत्या झाल्या की ड्राइव्हला थोडा वेळ थंड होऊ द्या. त्याच्या पातळ पेटीत पंखा नसतो आणि तापलेला लेझर आधी न अडखळलेल्या जागीही अडखळू लागतो.